गोड्या पाण्याची आग

माझा धाकटा भाऊ फाकी ऑक्टोपस मारायला खडकांमध्ये बुड्या घेतो. आमच्या शुंगिनी बेटावर निम्मे पुरुष तेच करतात, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते त्याचं खाजवणं. त्याचं घर माझ्या घराला लागून आहे. मध्ये प्रवाळाच्या दगडांची एक भिंत, आणि तिला भेगा. त्या भेगांमधून मला फाकीची नखं ऐकू येतात. माझा नवरा सिलिमा घोरतो आणि भाऊ खाजवतो, या दोघांच्या मध्ये माझं आयुष्य चाललं आहे.

उत्तरेचा वारा लागला आणि पाणी कोमट झालं, की समुद्रात वाशावाशा येते, अंगाला डसणारं काहीतरी बारीक. ती डोळ्यांना दिसत नाही. रानातली खाजकुइली लागली तर निदान वेल तरी दिसतो, त्याला चार शिव्या देता येतात. हिला शिव्या द्यायच्या तर अख्ख्या समुद्राला द्याव्या लागतील, आणि पोट तर त्याच्यावरच आहे. ती पाण्यात असते तोवर नुसतं टोचल्यासारखं वाटतं. बाहेर आल्यावर खरा तमाशा सुरू होतो. मानेवर, काखेत, कमरेभोवती लाल गांधी उठतात, मग त्यांना कंड सुटतो, मग माणूस खाजवतो, मग त्याचं रक्त निघतं आणि त्यावर माश्या बसतात. दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली की तेच अंग घेऊन पुन्हा पाण्यात.

सगळ्याच पाणबुड्यांना ती थोडीफार लागते. पण त्या वर्षी फाकीला लागली तशी कोणालाच नाही. हा थोराड माणूस, लोखंडी सळई घेऊन मोठाल्या ऑक्टोपसच्या बिळात हात घालणारा, आणि संध्याकाळी दाराच्या चौकटीला पाठ घासत गाढवासारखा उभा. मला हसू यायचं आणि रडूही यायचं.

आता आमच्याकडची एक चाल सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरूनच झालं.

होड्या परत आल्या की पाणबुड्यांच्या बायका गोड्या पाण्याची बादली घेऊन किनाऱ्यावर उभ्या राहतात. नवरा गुडघाभर पाण्यात आला की बायको पुढे होते आणि करवंटीच्या डावाने त्याच्या डोक्यावर पाणी घालते, मग दोन्ही खांद्यांवर. तेवढं झालं की माणूस घरी आला. गोडं पाणी लागेपर्यंत तो समुद्राचाच, असं आमचे म्हातारे म्हणत, आणि समुद्र आपली वस्तू परत मागतो. बायको आजारी असली तर बहीण जाते, आई जाते. पण धडधाकट बायको गेली नाही, किंवा नवऱ्याने तिचं पाणी घेतलं नाही, तर घरात काय चाललंय ते गावाला विचारावं लागत नाही. नवरा बुडून गेला, तर त्या बाईची बादली दाराशी पालथी घालतात. माझ्या मोठ्या जावेची मी स्वतः घातली आहे.

खरं सांगायचं तर मला या चालीचा कंटाळा आहे. ऑक्टोपस मिळो न मिळो, घरात चूल पेटो न पेटो, बादली भरून जायचंच. मी मशिदीजवळच्या विहिरीचं पाणी नेते. सगळ्याच नेतात. ते मचूळ आहे, पण जवळ आहे. खरं गोडं पाणी बेटाच्या पोटात, चिंचांच्या पलीकडे. तिथली वाट म्हणजे सगळा टोकदार खडक, चपला खाऊन टाकतो. तिथे आठवड्यातून एकदा प्यायच्या पाण्यासाठी जायचं एवढंच.

फाकीची बायको कझिजा मात्र रोज तिथे जायची.

कझिजा आमच्या बेटावरची नाही. ती मोठ्या पेंबा बेटावरची, लवंगांच्या मुलखातली, जिथे डोंगरातून झरे वाहतात. लग्न होऊन आली त्या दिवशी आईने तिला मशिदीच्या विहिरीचं पाणी दिलं. तिने एक घोट घेतला आणि दाराबाहेर जाऊन थुंकला. "हे पाणी?" तिने विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं, पोरवयात माणूस मनात येतं ते बोलतो. पण आमच्या आईच्या काळजात तो घोट अजून आहे. मग पहिल्यांदा बादली न्यायची वेळ आली तेव्हा कझिजा मला म्हणाली, "विफी, माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर मी असलं पाणी घालणार नाही. घालायचं तर गोडं घालीन." नणंदा-भावजया आम्ही एकमेकींना विफीच म्हणतो, आणि विफीला चिडवायचा दोघींनाही हक्क असतो. मी म्हटलं, "घाल बाई, मधही घाल. चार महिन्यांत पायाचे तळवे सोलले की येशील आमच्या विहिरीवर."

ती आली नाही. वर्षं गेली, मूल झालं नाही, गुडघे दुखायला लागले, तरी डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर बादली घेऊन ती चिंचांच्या वाटेने येताना दिसायची. हट्टीपणाची हद्द. पण किनाऱ्यावर पाणी घालताना तिचा चेहरा मी बघितला आहे. दिवसभरात तेवढाच एक क्षण असा असायचा, की ती या बेटावर पाहुणी वाटायची नाही.

वाशावाशा लागायला लागली तशी तिने फाकीसाठी एक शर्ट शिवला. जुन्या जाड कापडाचा, लांब बाह्यांचा, गळा आणि मनगटं घट्ट. अंगाला पाणीच लागलं नाही तर खाज कुठून येईल, असा तिचा हिशोब. बाकीचे उघड्या अंगाने बुड्या मारायचे आणि फाकीला हसायचे, "काय फाकी, ऑक्टोपसच्या लग्नाला निघालास का?" फाकी काही बोलायचा नाही. तो कधीच काही बोलत नाही. त्याच्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा बिळातून ऑक्टोपस काढणं सोपं.

शर्ट घातला आणि खाज दुप्पट झाली.

मग उपाय सुरू झाले. कच्ची पपई कापून तिचा चीक चोळला. त्याने थोडं बरं वाटलं आणि मग कातडीच निघाली. चिंचेचा कोळ लावला, मुंग्या लागल्या. कझिजाच्या माहेरून लवंगांचं तेल आलं. ते लावल्यावर फाकी अंगणात अशी उडी मारून उठला, की शेजारच्या कोंबड्या झापावर चढल्या. सिलिमा म्हणाला रॉकेल लाव. मी म्हटलं, "काडीही तूच लाव मग." दवाखान्यातून गुलाबी औषध आणलं. ते लावून फाकी रंगवलेल्या भिंतीसारखा दिसायचा आणि वाळल्यावर पापुद्रे पडायचे. त्याने रात्र जरा बरी जायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा समुद्र, पुन्हा शर्ट, पुन्हा गोडं पाणी, आणि पाणी अंगावर पडलं की त्याचे दात एकमेकांवर आवळलेले.

ते आवळलेले दात आईने बघितले.

आमची आई वाईट नाही. म्हातारी आहे, आणि तिला नातू हवा आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस कडू होतो. ती एक दिवस माझ्या चुलीशी बसली आणि म्हणाली, "मिझे, तू बघितलंस का? पाण्यात असतो तोवर बरा असतो. होडीतही बरा असतो. हिने पाणी घातलं की पेटतो."

"वाशावाशा आहे आई. सगळ्यांनाच लागते."

"सगळ्यांना लागते, पण सगळे असे पेटत नाहीत. तू सिलिमाला पाणी घालतेस, तो नाचतो का?"

"सिलिमा नाचला असता तर मी तिकीट लावलं असतं."

"चेष्टा करू नकोस. त्या पोरीच्या हातात काहीतरी आहे. ना पोटी मूल, ना हाताला गुण. तिचं पाणी त्याला सोसत नाही."

दुसऱ्या दिवशी आई स्वतः बादली घेऊन किनाऱ्यावर आली. कझिजा आपली भरलेली बादली घेऊन उभीच होती. आईने तिला हाताने बाजूला केलं. "आज मी घालते." आई आणि मुलगा, कोण काय बोलणार? फाकी आला, वाकला, आईने पाणी घातलं. सगळ्या बायका बघत होत्या. मीही बघत होते. फाकी खाजवू लागला, पण रोजच्यासारखा नाही. दात आवळले नाहीत.

"काय रे?" आईने मोठ्याने विचारलं.

फाकीला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "कमी आहे."

एवढेच दोन शब्द. वर्षभर तोंड न उघडणाऱ्याने नेमकं तेव्हा उघडलं. किनाऱ्यावरच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि कझिजाने आपली बादली वाळूत ओतली. एवढ्या लांबून आणलेलं पाणी वाळूने एका घोटात पिऊन टाकलं.

पुढचं सगळं उतारावरून दगड गडगडावा तसं झालं. आमच्याकडे बायका अंगावर कांगा गुंडाळतात आणि त्याच्या काठावर एक वाक्य छापलेलं असतं. जे तोंडाने बोलायचं नसतं ते कांग्याने बोलता येतं. आईने त्या आठवड्यात पेटीतून एक जुना कांगा काढला. त्यावर लिहिलं होतं, 'गोड बोलणारीचा हात कडू.' तो नेसून ती कझिजाच्या अंगणातून दोनदा गेली. विहिरीवर कुजबूज सुरू झाली. मग कझिजाच्या भावाला, मबारुकला, निरोप गेला, की येऊन बहिणीला घेऊन जा. फाकीला आई म्हणाली, "तुला जगायचं आहे की नाही? हिला पाठव. नंतरचं मी बघते."

मी फाकीला गाठलं. तो सळईला धार लावत बसला होता, मधूनच सळईच्या मुठीने पाठ खाजवत होता.

"मबारुक शनिवारी येतोय," मी म्हटलं. "तुला ती नको आहे का?"

"तसं कोण म्हणालं?"

"मग आईला सांग."

"काय सांगू?"

"अरे देवा! सांग, की ही माझी बायको आहे आणि ती कुठे जाणार नाही. एवढं सांगायला काय समुद्राच्या तळाशी जावं लागतं?"

तो पुन्हा सळईला धार लावू लागला. मला त्याचा राग आला, आणि त्याची ती सोललेली मान बघून रागही नीट येईना. मी थकले होते. आम्ही सगळेच त्या वर्षी थकलो होतो.

कझिजा मात्र थकली तरी जात राहिली. आईचं पाणी कमी लागलं म्हणजे आपलंच कुठेतरी चुकतंय, असं तिने धरलं. ती पहाटे जायला लागली, विहीर ढवळण्याआधी. पाणी फडक्यातून गाळायला लागली. घालायला मात्र आई तिला देत नव्हती. ते पाणी ती घरी वापरायची, फाकीचे कपडे धुवायला.

मबारुक येण्याच्या दोन दिवस आधी तिने भिंतीवरून हाक मारली. "विफी, जरा इकडे ये."

मी गेले. ती मोरीशी बसली होती आणि कोपरापर्यंत तिचे हात लाल झाले होते. गांधी उठल्या होत्या, अगदी फाकीसारख्या.

"तुला कुठे लागली? तू तर समुद्रात पाऊलही घालत नाहीस."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक होता. "हा शर्ट कालपासून दोरीवर होता. खडखडीत वाळला होता. वाळलेला हातात घेतला तेव्हा काही झालं नाही. गोड्या पाण्यात बुडवून चोळायला लागले आणि हात पेटले."

मी शर्टाकडे बघितलं. साधा शर्ट. काही दिसत नव्हतं.

"आता हे बघ." तिने दुसऱ्या बादलीत हात घातला. त्यात त्याचा दुसरा शर्ट होता, तसाच जाड. "हात पेटल्यावर सकाळीच हा मी समुद्रात नेऊन खूप वेळ खळखळून घेतला. मग गोड्या पाण्यात घातला. हा हात बघ, याच्यावर काही नवीन उठलं?"

नव्हतं उठलं.

"ती कपड्यात अडकते, विफी. शर्ट आणि अंग यांच्यामध्ये. तोवर ती गप्प असते. गोडं पाणी पडलं की ती डसते. आणि पाणी जेवढं गोडं..." ती थांबली. तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. "मी शर्ट शिवला, मीच पाणी आणलं. दोन्ही मीच केलं."

ती रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. मी तिच्या हातांवर खोबरेल लावायला गेले तर तिने हात मागे घेतले.

"आईला सांग हे," मी म्हटलं.

"सांगितलं सकाळी. म्हणाल्या, आता शर्टालाही लावलंस का?"

"फाकीला?"

"त्याला उद्या सांगेन," ती म्हणाली. "किनाऱ्यावर. सगळ्यांसमोर झालंय, सगळ्यांसमोरच संपू दे."

दुसऱ्या दिवशी उधाणाची ओहोटी होती. होड्या उशिरा आल्या. आम्ही बायका बादल्या घेऊन उभ्या होतो आणि आई सगळ्यांच्या पुढे. तेवढ्यात कझिजा आली. तिच्या डोक्यावर चुंबळ नव्हती. बादली कमरेवर होती, रिकामी. रिकामी बादली घेऊन किनाऱ्यावर येणं म्हणजे अपशकुन, एकदोघींनी तोंडावर पदर घेतले. ती कोणाकडे न बघता आमच्या मधून सरळ समुद्रात गेली, गुडघ्याच्या वर, कपडे भिजेपर्यंत. तिथे तिने बादली बुडवून भरली.

"ए!" आई ओरडली. "काय करतेस? खारं पाणी घालणार त्याच्यावर? त्याला समुद्राला देऊन टाकतेस?"

फाकी होडीतून उतरला होता. एका हातात ऑक्टोपसांची माळ, दुसऱ्यात सळई. कझिजा त्याच्यासमोर उभी राहिली.

"शर्ट काढ," ती म्हणाली. "इथेच, पाण्यात."

एवढ्या लोकांत बायकोने असं बोलणं आमच्याकडे होत नाही.

"फाकी, बाहेर ये!" आई म्हणाली.

फाकीने आईकडे बघितलं. मग बादलीकडे. मग बायकोच्या कोपरापर्यंत लाल झालेल्या हातांकडे, आणि तिथे त्याची नजर बराच वेळ राहिली. त्याने ऑक्टोपस होडीत टाकले, शर्ट डोक्यावरून ओढून काढला आणि मान वाकवली.

तिने खारं पाणी घातलं. चोळलं नाही, नुसतं ओतत राहिली. मानेवरून, पाठीवरून, काखेतून. बादली संपली की पुन्हा भरायची. सिलिमा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला तरी मी त्याला पाणी घालायचं विसरले. शेवटी ती थांबली. फाकी सरळ झाला. सवयीने त्याचा हात मानेकडे गेला आणि तिथेच राहिला. खाजवायला काही नव्हतं.

"टोचतंय थोडं," तो म्हणाला. "आग नाही."

"मग माझं पाणी?" आई म्हणाली. "माझ्या पाण्याने कमी कसं झालं होतं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, इतका उशिरा, की मलाच माझी लाज वाटली. "आई," मी म्हटलं, "तू मशिदीच्या विहिरीचं पाणी नेलं होतंस. आपलं सगळ्यांचं पाणी अर्धं समुद्राचंच आहे. गोडं पाणी एकटी हीच आणायची."

आईने आपली बादली उचलली. ती जड होती, तरी कोणाला हात लावू न देता आई ती घेऊन निघून गेली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण फाकीला, आयुष्यात पहिल्यांदाच, बोलावंसं वाटलं.

"पाण्याने पेटतं हे मला माहीत होतं," तो म्हणाला.

कझिजा शर्ट पिळत होती. तिचे हात थांबले. "कधीपासून?"

"तू माहेरी लग्नाला गेली होतीस ना, तेव्हापासून. आईला ताप होता, ताई तिच्यापाशी बसली होती, कोणी बादली आणली नाही. मी समुद्रातच शर्ट काढून तसाच घरी गेलो. त्या दिवशी काही झालं नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू एवढ्या लांबून आणायचीस." त्याने खाली बघितलं. "तुला वाईट वाटलं असतं."

मला तो माझा भाऊ म्हणून फार आवडला त्या क्षणी, आणि त्याच क्षणी त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. रोज ती आग अंगावर घेत होता, बायकोचं मन मोडू नये म्हणून.

कझिजाला मात्र ते गोड लागलं नाही.

"तुझी आग सकाळपर्यंत निवायची," ती म्हणाली. "लोकांनी माझ्या हाताला कडू म्हटलं, ते कधी निवणार होतं? तुला माहीत होतं. सगळ्या बायांसमोर तू 'कमी आहे' म्हणालास, आणि तुला माहीत होतं. उद्या माझा भाऊ येतोय, फाकी. तू मला होडीत बसू देणार होतास?"

तिने शर्ट त्याच्या खांद्यावर टाकला, बादली तिथेच पाण्यात सोडली आणि घरी गेली. बादली लाटांवर हेलकावे खात होती. शेवटी मीच ती काढून आणली.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे नखांचा आवाज नव्हता. गाठोडं बांधल्याचा होता.

शनिवारी मबारुक आला. शांत, जाडजूड माणूस, लवंगांच्या वासाचा. मी त्याला फाकीच्या ओट्यावर बसवलं, कॉफी दिली, उकडलेला कसावा दिला. कझिजा गाठोडं मांडीशी घेऊन दाराच्या दुसऱ्या बाजूला बसली. आई आपल्या घरातून बाहेर आली नाही. तिने कांगा बदलला होता, एवढं मला खिडकीतून दिसलं. नवा साधा होता, त्यावर नुसती फुलं.

"नवरा कुठे आहे?" मबारुकने विचारलं.

कोणालाच ठाऊक नव्हतं. होडी किनाऱ्यावर होती, सळई कोपऱ्यात होती. बादली तेवढी नव्हती.

मग मशिदीच्या विहिरीकडून हसण्याचा आवाज आला. आमच्याकडे पुरुष डोक्यावर पाणी वाहत नाहीत, वाहिलंच तर हातगाडीवर. फाकी चिंचांच्या वाटेने येत होता. डोक्यावर कझिजाची चुंबळ, तीही वाकडी बसवलेली, आणि त्यावर बादली. दोन्ही हातांनी ती धरून, मान ताठ करून, एकेक पाऊल टाकत तो येत होता. प्रत्येक पावलाला पाणी सांडत होतं. विहिरीवरच्या बायका पोट धरून हसत होत्या. "फाकी, आता मूल पण तूच जन्माला घाल!" एक ओरडली. त्याच्या मानेवरच्या खपल्या ओल्या होऊन उघडल्या होत्या. तळव्यांतून रक्त येत असणार, त्याच्या पायांत चपला नव्हत्या. त्या वाटेला काय लागतं हेही त्याला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत तो तिथे कधी गेलाच नव्हता.

त्याने बादली ओट्यापाशी उतरवली. मबारुककडे बघून मान हलवली. मग करवंटीचा डाव भरला आणि कझिजासमोर खाली बसला.

"हात दे," तो म्हणाला.

तिने लगेच दिले नाहीत. मी माझ्या हातातला कॉफीचा कप घट्ट धरून उभी होते. मग तिने गाठोड्यावरून हात उचलले आणि पुढे केले. त्यांच्यावरच्या गांधी अजून लालच होत्या. त्याने डोक्यावर घालतात तसं सावकाश पाणी घातलं, आधी एका हातावर, मग दुसऱ्या.

"घरी ये," तो म्हणाला.

मबारुक बहिणीकडे बघत होता. मी तिच्याकडे बघत होते. खिडकीतून आईही बघत असणार. कझिजाने ओले हात तसेच ठेवून बादलीत डोकावून पाहिलं.

"अर्धी तर वाटेतच सांडलीस," ती म्हणाली.

"सांडली."

"रोज जाशील तेव्हा जमेल," ती म्हणाली, आणि गाठोडं उचलून आत घेऊन गेली.